रात्रीचा शो, तमिळ पोलीसपट आणि घरी परतायचा प्रश्न

कापीशिवायनाही | १८ जून २०२३, रात्री ११:१०

चेन्नईत आल्यापासून तमिळ पोलीसपट थिएटरातच बघायची खोड लागली आहे. तमिळ कामापुरतं येतं. भाजीवाल्या अक्काशी घासाघीस जमते, पण पडद्यावरचं पोलिसी तमिळ खालच्या इंग्रजी ओळींच्या भरवशावर. काल वडपळनीला रात्री दहाचा 'पोर तोळिल' पाहिला. शरतकुमारचा खडूस एसपी, त्याच्या गळ्यात पडलेला अशोक सेल्वनचा पुस्तकी, अंधाराला घाबरणारा नवा डीएसपी, आणि त्रिची परिसरात तरुण मुलींचे एकामागून एक खून. विघ्नेश राजाचा हा पहिला सिनेमा आहे हे खरं वाटत नाही. हिरो येताना धूर नाही, जीप उडत नाही, सगळी आपापली कामं करणारी माणसं. आवडला.

पण सुटल्यापासून दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीत.

एक. कमल हासनच्या 'वेट्टैयाडु विळैयाडु'ची (२००६) सुरुवात सहकारी अधिकाऱ्याच्या मुलीपासून. 'राक्षसन'मध्ये (२०१८) शाळकरी मुली. 'काक्क काक्क'मध्ये (२००३) हिरोच्या नोकरीची किंमत बायकोने मोजायची. आणि आता हा. पोलिसाला कामाला लावायचं तर आधी कुठलीतरी मुलगी मेलीच पाहिजे का?

दोन. शो सुटला तेव्हा पाऊण वाजला होता. मेट्रो अकराला बंद. मी राहते नंगनल्लूरला. म्हणजे अडीच तास अंधाऱ्या रस्त्यावरच्या एकट्या मुली बघायच्या आणि मग उठून आपणच तो रस्ता धरायचा. ऑटोवाले अण्णा भले होते, सिनेमाही पाहिलेला होता, वाटेत त्यांनी मला शेवट नीट समजावून सांगितला. तरी माझं सगळं लक्ष त्यांच्या आरशाकडे.

तर बायकांनो, रात्रीचे शो बघता का? घरी कशा जाता? पुरुषांनीही लिहावं, फक्त "मला सांगायचं ना, सोडलं असतं" हे उत्तर नको.

एकओळी | ११:२२

पुरुषाचा मुडदा असला की त्याला गँगवॉर म्हणतात, थ्रिलर नाही.

पेठेतला_पाहुणा | ११:५०

कापी, सीरियल किलरचा सिनेमा म्हटलं की जगभर हेच चालतं, त्याचं खापर एकट्या तमिळवर का? तिकडेच 'कैदी' (२०१९) आहे. एका रात्रीत घडतो, गाणं नाही, हिरॉइन नाही, बेशुद्ध पोलिसांनी भरलेली लॉरी आणि ती चालवणारा जन्मठेप भोगून सुटलेला कार्ती. 'विक्रम वेदा' (२०१७) चकमकीपासून सुरू होतो, तिथे मेलेले सगळे पुरुष. तुला नेमके तेवढेच सिनेमे आठवले.

आणि ऑटोवाल्याने शेवट सांगितला तो तिकिटात धरलेला होता का?

कापीशिवायनाही | १९ जून, सकाळी ७:३५

तो मीटरमध्ये धरलेला नव्हता, कारण मीटर टाकलाच नव्हता. इथे ऑटोचे सरकारी दर २०१३ साली ठरले. पहिल्या १.८ किलोमीटरला पंचवीस रुपये, पुढे किलोमीटरला बारा. दहा वर्षं तेच आहेत, त्यामुळे मीटरचं नाव काढलं की ऑटोवाला आपल्याकडे दयेने बघतो.

'कैदी'चं मान्य. पण एक 'कैदी' आणि एक 'वेदा' सांगून तू मला माझ्या यादीवरून हलवू शकणार नाहीस.

ठाणेअंमलदाराची_लेक | १९ जून, सकाळी १०:०५

आमचे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले, त्यातली बरीच वर्षं ठाणे अंमलदाराच्या खुर्चीत गेली. घरात पोलीसपट लागला की ते समोर येऊन बसतात आणि आमचं बघणं संपतं. पहिली तक्रार ठरलेली, "पंचनामा कुठाय?" मुडद्याभोवती वीस माणसं फिरतात, हिरो उघड्या हाताने चाकू उचलून उजेडात धरतो, कागद कोणी काळा करत नाही. खऱ्या ठाण्यात आधी पंचासाठी पळापळ. टपरीवाला नको म्हणतो, रिक्षा स्टँडवरचे पांगतात, कारण आज सही केली की काही वर्षांनी कोर्टाचं समन्स येणार, त्या दिवसाची मजुरी बुडणार आणि वकील उभा करून झाडणार. मग नेहमीचा एखादा भिडेखातर तयार होतो. मुद्देमाल सील करायचा, लेबलं लावायची, रासायनिक विश्लेषकाकडे पाठवायचा, पोहोच पावती आणायची. यातलं काहीही दाखवलं तर प्रेक्षक झोपेल हे मला कळतं. पण म्हणूनच 'पोर तोळिल'सारखा सिनेमा थोडा वेगळा वाटला असणार, त्यात निदान फाइल उघडलेली दिसते.

आता तुझा पहिला प्रश्न. स्टेशन डायरीत रोज काय येतं? मोबाइल हरवला. शेजाऱ्याने गटारीचं पाणी अंगणात सोडलं. नवऱ्याने मारलं. पोरगी क्लासहून परत आली नाही. बऱ्याच गोष्टींची एनसी लिहून बोळवण होते. शेवटची ती 'मिसिंग', आणि सिनेमा नेमका तिथून सुरू होतो. मग पडद्यावरचा पोलीस बापाला सांगतो की चोवीस तास थांबा, मित्राबरोबर गेली असेल. हे चोवीस तासांचं खूळ लोकांच्या डोक्यात सिनेमांनी घातलंय. असा नियम नाही. मिसिंग लगेच नोंदवता येते. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी झीरो एफआयआर घ्यावा लागतो, नंतर तो त्या ठाण्याकडे वर्ग होतो. कोणावर वेळ आलीच तर थांबत बसू नका, एवढ्यासाठी हे लिहिलं. बाकी बोलू निवांत.

शंकेखोर | १०:४०

लेक, हवालदार काकांना एक विचारा. सिनेमात सगळे इन्स्पेक्टर स्वतः जीप चालवतात. खऱ्यात चालवतात का?

ठाणेअंमलदाराची_लेक | १०:५२

विचारलं. म्हणाले, "जीप जागेवर असली तर."

अरोरा_बाल्कनी | १९ जून, दुपारी १:१५

सगळे फार गंभीर झालात राव. मी अँटॉप हिलचा, चाळीत अर्धी बिऱ्हाडं तमिळ. आमचा पोलीसपट म्हणजे माटुंग्याचं अरोरा थिएटर. तमिळ सिनेमा तिथे लागला की किंग्ज सर्कलपासून कळायचं. दोन-तीन मजली कटआउट, हार, दुधाचा अभिषेक, ढोल. आत इंग्रजी अक्षरंबिक्षरं कोणी वाचत नव्हतं, आणि शिट्ट्यांत संवाद ऐकू यायचे नाहीत ते वेगळंच. विक्रमचा 'सामी' (२००३) मी तिथे पाहिला. तिरुनेलवेलीतला डीसीपी, आणि तो पडद्यावर आला की कागदाचे कपटे उडायचे, पुढच्या रांगांतून चिल्लर फेकली जायची. इंटरव्हलला नाणी वेचणारी पोरं माझ्या ओळखीची होती. सिनेमा सुटला की कॅफे मद्रासला रांग लावून रसम वडा. घरी कसे जायचो? चालत, आरडाओरडा करत, जमावाने. भीती आमची इतरांना वाटत असेल.

पुढे 'सिंगम'चा हिंदी 'सिंघम' झाला आणि आमच्याच लोकांनी बाजीराव म्हणून डोक्यावर घेतला. तो मूळचा दुरईसिंगम होता हे किती जणांना ठाऊक आहे? मुडदा बाईचा का, पंचनामा कुठाय, असले प्रश्न तिथे पडायचे नाहीत. पोलीस मारतोय, गुंड उडतोय, आपण नाचतोय, पैसा वसूल.

लास्ट_लोकल | दुपारी २:३०

बाल्कनी, जमावाने आरडाओरडा करत घरी जाणं हेच तर कापी विचारतेय. तुम्हाला ते फुकटात मिळालं होतं.

मी रुग्णालयात शिफ्टमध्ये काम करते, डोंबिवलीला राहते. रात्रीच्या लोकलची सवय आहे. बायकांच्या डब्यात रात्री पोलीस असतो, कधी बसल्या जागी पेंगतो, पण असतो. भीती मला डब्यात वाटत नाही, स्टेशनच्या पुलावर वाटते आणि रिक्षा स्टँड ओलांडल्यावर आमच्या गल्लीच्या शेवटच्या टप्प्यात वाटते. तिथला दिवा गेला की महिनाभर येत नाही. तरी रात्रीचा शो मी भीतीने सोडलेला नाही. सकाळी साडेपाचला उठून डबे करायचे असतात म्हणून सोडलाय. हे कारण कोणत्याही सिनेमात येत नाही.

आमच्या डोंबिवलीचं एक सांगते. निशिकांत कामतचा 'डोंबिवली फास्ट' (२००५) त्यानेच तमिळमध्ये 'एवनो ओरुवन' (२००७) म्हणून केला, माधवनला घेऊन. पुढे 'काक्क काक्क' हिंदीत 'फोर्स' (२०११) म्हणून आणला तोही त्यानेच. देवाणघेवाण दोन्हीकडून आहे. आणि 'डोंबिवली फास्ट'मध्ये मुडद्याने सुरुवात होत नाही, माणूस लोकलला लटकून, बिलं भरून, लाचखोरी बघून वैतागलेला असतो आणि एक दिवस त्याचा फ्यूज उडतो. मला तो जास्त आपल्या शहराचा वाटतो.

शंकेखोर | २:४१

पण लास्ट, त्यातही बॅट घेऊन फिरतो तो पुरुषच. बायकोने फ्यूज उडवला असता तर?

लास्ट_लोकल | २:४४

तर डबे कोणी केले असते.

अटलांटिक_पल्याड | १९ जून, रात्री ८:२०

न्यू जर्सीत आम्हाला तमिळ सिनेमे गुरुवारी रात्रीच बघायला मिळतात, चेन्नईत शुक्रवार नीट उजाडायच्या आत. 'पोर तोळिल' पहिल्या आठवड्यात पाहिला. यातले दुसरे नट शरत बाबू गेल्या महिन्यात, २२ मे रोजी गेले, त्यामुळे त्यांना पडद्यावर पाहून गलबललं. त्यांचं पात्र

[रहस्यभेद होत असल्याने पुढच्या दोन ओळी काढल्या आहेत. – व्यवस्थापक]

पेठेतला_पाहुणा | ८:३१

काढायच्या आधी वाचल्या. रविवारची तिकिटं काढून ठेवली होती. आभारी आहे.

एकओळी | ८:३३

ऑटोवाले अण्णा अमेरिकेतही पोहोचले तर.

गलाई_विटा | १९ जून, रात्री १०:१५

रामराम. आम्ही विट्याकडचे, तीन पिढ्या गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी गाळायला आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं देशभर गेली, आमचं घर कोईमतूरला. शाळा तमिळमध्ये झाली, त्यामुळे खालच्या अक्षरांची मला गरज नाही. कोईमतूर बघायचं असेल तर 'ध्रुवंगळ पदिनारु' (२०१६) बघा. दिग्दर्शक कार्तिक नरेन तेव्हा विशीच्या आसपासचा पोरगा होता. निवृत्त इन्स्पेक्टर एक जुनी केस सांगतो, पावसाळी रात्र, आणि प्रत्येकाने काय पाहिलं ते वेगवेगळं.

पण माझा मुद्दा दुसरा आहे. 'तीरन अधिगारम ओन्ड्रु' (२०१७) तुम्हा सगळ्यांना आवडत असेल. मलाही आवडला, खोटं का बोलू. १९९५ ते २००५ या काळात तामिळनाडूत हायवेलगतच्या घरांवर खरेच दरोडे पडले, माणसं मारली गेली, २००५ साली गुम्मिडीपूंडीच्या आमदारांचाही त्यात खून झाला, आणि पोलिसांचं पथक उत्तरेत जाऊन महिनोन् महिने हिंडलं. सिनेमात ते सगळं ताकदीने आलंय. गाडी मिळत नाही, खर्चाला पैसे नाहीत, बोटांचे ठसे घेऊन गावोगाव फिरायचं. पण टोळीबरोबर एक अख्खी जमात रक्तानेच खुनशी असल्यासारखी रंगवली, त्यावर टीका झाली आणि ती रास्त होती. १८७१चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला. आमच्याकडे अजून गावात चोरी झाली की पहिली जीप पारध्यांच्या पालावर जाते. तामिळनाडूतल्या थिएटरात मी हा सिनेमा बघत होतो, शेजारचा टाळ्या वाजवत होता, आणि मला आमच्या गावाबाहेरची पालं आठवत होती.

दुसरी गोष्ट. २०१२च्या फेब्रुवारीत चेन्नईत वेळचेरीला बँक दरोड्यातले संशयित म्हणून पाच जणांना चकमकीत मारलं. सगळे उत्तरेकडचे. त्यानंतर पोलिसांनी घरमालकांना भाडेकरूंची माहिती ठाण्यात द्यायला सांगितली. त्या दिवसांत चेन्नईत नात्यातला एक पोरगा खोली शोधत होता. तमिळ माझ्याइतकंच बोलायचा, पण आडनाव विचारलं की दार लागायचं. पडद्यावर पोलीस "बाहेरून आलेला" म्हणतो तेव्हा प्रेक्षकांतला बाहेरून आलेला कुठे बघत असेल, याचाही विचार करा.

ठाणेअंमलदाराची_लेक | १०:५८

गलाई, नीट लिहिलंत. पालावर जीप जाते हे आमच्या घरातही बोललं गेलंय, आणि वडिलांनी त्याची बाजू घेतलेली नाही.

बाल्कनींना उत्तर द्यायचं राहिलं होतं. २०२०च्या जूनमध्ये तूत्तुकुडी जिल्ह्यात सात्तानकुळमला मोबाइलचं दुकान चालवणारे बाप-लेक पोलीस कोठडीतल्या मारहाणीनंतर मेले. कारण काय, तर लॉकडाउनमध्ये दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवल्याचा आरोप. तेव्हा तुमच्या 'सामी' आणि 'सिंगम'चे दिग्दर्शक हरी यांनी जाहीर निवेदन काढलं की पोलीस खात्याचा उदोउदो करणारे पाच सिनेमे केल्याचं मला आज दुःख होतंय. ज्यांनी तुम्हाला नाचवलं त्यांनीच हे म्हटलंय. मारणारा पोलीस पडद्यावर आपल्या बाजूचा असतो. ठाण्यात तो कोणाच्या बाजूचा असेल हे आत जाईपर्यंत कळत नाही.

अरोरा_बाल्कनी | ११:२०

हरींचं निवेदन मला माहीत आहे. तेव्हा चाळीतही वाद झाला होता. तरी सांगतो, अरोरात नाचणारी पोरं पोलिसांचे फटके खाऊन मोठी झालेली होती. नाक्यावर उभं राहिलं म्हणून काठी, गणपतीत उशीर झाला म्हणून काठी. पोलीस म्हणजे काय ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. म्हणूनच आपल्या बाजूने मारणारा एक तरी पोलीस तीन तास बघायला त्यांनी पैसे टाकले. बाहेर आल्यावर त्यातला कोणीही हवालदाराला सलाम ठोकत नव्हता. तुम्ही शिकलेले लोक प्रेक्षकाला भोळा समजता.

पेठेतला_पाहुणा | ११:३४

दोघांसाठी एकच सिनेमा, 'विसारणै'. वेट्रिमारनचा. कोईमतूरच्या एम. चंद्रकुमार नावाच्या ऑटोचालकाने स्वतःच्या कोठडीतल्या अनुभवावर लिहिलेल्या 'लॉकअप' या पुस्तकावरून केलेला. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, भारतातर्फे ऑस्करलाही पाठवला. मी तो पुण्यात जवळजवळ रिकाम्या थिएटरात पाहिला. इंटरव्हलला एक जोडपं उठून गेलं. ठाण्यासमोरून जाताना अजून आठवतो.

एकओळी | ११:३६

ऑटोचालकाने लिहिलेला! कापी, तुझ्या अण्णांचं पुढच्या वेळी नीट ऐक.

सुगरण_नव्हे | २० जून, सकाळी ९:१०

सगळं वाचलं. मला फक्त एवढंच विचारायचंय की चेन्नईतल्या थिएटरात पॉपकॉर्नवर मसाला आपल्या हाताने हवा तेवढा घेता येतो हे खरं का? बहीण सांगत होती.

कापीशिवायनाही | ९:४५

खरं आहे. सत्यम थिएटरची ती ख्याती. रॉयपेट्टाचं जुनं थिएटर, १९७४पासूनचं, आता पीव्हीआरकडे आहे, पण लोक सत्यमच म्हणतात. पॉपकॉर्न घ्यायचे आणि शेजारच्या डब्यांतून मसाले भुरभुरायचे. माणसं इंटरव्हल संपून सिनेमा सुरू झाला तरी तिथेच.

आणि तिकीट. इथे सरकारने दरावर कमाल मर्यादा घातली आहे, मल्टिप्लेक्सलाही दोनशेच्या आत बसतं. पूर्वी तर पुढच्या रांगेला दहा रुपयांचं तिकीट ठेवावं लागायचं. मुंबईत शनिवारी संध्याकाळी जेवढ्यात मी एकटी सिनेमा बघायचे तेवढ्यात इथे दोघी जातात. म्हणून तर रात्रीच्या शोला बायका, सासवा, कडेवरची पोरं असं सगळं कुटुंब असतं. पोलीसपट असला तरी. माझ्या मागच्या रांगेत एक आजी होत्या, खुनाच्या प्रसंगाला त्या नातवाचे डोळे झाकत होत्या आणि स्वतः बोटांच्या फटीतून बघत होत्या.

पहाटे चारचे शो मात्र बंद झालेत. जानेवारीत अजित आणि विजयचे सिनेमे एकाच दिवशी लागले आणि रोहिणी थिएटरपाशी लॉरीवर नाचताना एक तरुण पडून मेला, तेव्हापासून परवानगी मिळत नाही.

शंकेखोर | १०:०२

म्हणजे अभिषेक सकाळच्या दुधाच्या पिशवीनेच. गरम व्हायच्या आत.

ठाणेअंमलदाराची_लेक | २१ जून, रात्री ९:३०

काल वडिलांना घेऊन गेले 'पोर तोळिल'ला. त्यांना तमिळ नाही, इंग्रजी वाचायचा वेग नाही, मी कानात पुटपुटत होते. पुढच्या रांगेतल्या एका मुलाने दोनदा वळून पाहिलं. शरतकुमारचा एसपी त्यांना बेहद्द आवडला. "असा एक साहेब मला मिळाला होता. शिकवायचा नाही, फक्त आपण चुकेपर्यंत वाट बघायचा." नवा पोरगा जागेवर बारीक बारीक नोंदी करतो तिथे ते खुर्चीत पुढे सरकून बसले. पंचनाम्यावरून कटकट केली, पण कमी.

येताना मी त्यांना कापीचा प्रश्न घातला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले की आमच्या ठाण्यात बाईचा खून आला की आम्ही आधी घरातच बघायचो. नवरा, दीर, ज्याला नाही म्हटलं तो. बहुतेक वेळा संध्याकाळच्या आत माणूस हाती लागायचा, काही वेळा तर तो स्वतःच ठाण्यात येऊन बसलेला असायचा. यात सिनेमा काय करणार? पाठलाग नाही, कोडं नाही. म्हणून सिनेमावाले अनोळखी माणूस आणतात, रात्र आणतात, हायवे आणतात. "आणि तुम्ही पोरी रिक्षावाल्याच्या आरशात बघत बसता."

मला हे उत्तर पटलं. मुडदा बाईचा असतो कारण त्याने लोक हादरतात, आणि खुनी अनोळखी असतो कारण घरातल्याचं नाव घेतलं तर प्रेक्षकाला शेजारच्या खुर्चीकडे बघावं लागेल.

कापीशिवायनाही | १०:४०

काकांना नमस्कार सांग. अर्धं पटलं.

अर्धं का, तर इथे आमच्या ऑफिसातल्या मुली अजून एक तारीख विसरलेल्या नाहीत. २०१६च्या जूनमध्ये नुंगमबाक्कम स्टेशनवर कामाला निघालेल्या एका तरुणीचा फलाटावर खून झाला. सकाळी साडेसहाच्या सुमारास, माणसं उभी असताना. मारणारा तिच्या मागावर होता असं तपासात पुढे आलं. स्टेशनवर कॅमेरेच नव्हते. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन रेल्वे आणि पोलिसांना फैलावर घेतलं. पुढे पोलिसांनी शहरभर कॅमेऱ्यांची 'तिसरा डोळा' मोहीम काढली, आता दुकानादुकानांवर कॅमेरे दिसतात. म्हणजे घरातला नाही, पूर्ण अनोळखीही नाही, आणि रात्र तर नाहीच. माझी सहकारी म्हणते, मला रात्रीच्या शोची भीती वाटत नाही, मला सकाळच्या गाडीची वाटते. यावर कोणी सिनेमा काढावा अशी माझी इच्छाही नाही.

लास्ट_लोकल | १०:५५

सकाळच्या गाडीचं कळलं. मीही फलाटावर भिंतीला पाठ लावून उभी राहते. कधीपासून ते आठवत नाही.

कापी, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी धड उत्तर दिलं नाही म्हणून देते. नऊनंतरचा शो असेल तर परतीचं वाहन आधी ठरव, सुटल्यावर शोधू नको. सुटल्यावर सगळे एकदम शोधतात आणि आपण थिएटरापासून लांब चालत जातो, तिथेच घोळ होतो. चढण्याआधी गाडीचा नंबर घरी पाठव आणि तो चालकाला ऐकू जाईल असा मोठ्याने वाच. बाकी सातचा शो बघ. साडेनऊ-दहाला सुटतो, मेट्रो चालू असते.

कापीशिवायनाही | ११:०२

सातच्या शोला मी ऑफिसातून पोहोचत नाही. पण नंबर मोठ्याने वाचणं करून बघते.

गलाई_विटा | ११:१५

त्या अण्णांचा फोन नंबर घेऊन ठेवायचा होता ताई. कोईमतूरला आमच्या घरच्या बायकांचा एक ठरलेला ऑटोवाला आहे, आईपासून चालत आलेला. तो आता म्हातारा झालाय, आता त्याचा मुलगा येतो. शो सुटायच्या आधी दारात उभा. त्यालाही पोलीसपटच आवडतात, पण शेवट सांगत नाही.

पेठेतला_पाहुणा | २२ जून, सकाळी ८:००

कापी, तुझी यादी मी रात्री पुन्हा वाचली आणि त्यात अजून दोन नावं मीच घालू शकलो. 'कैदी' आणि 'वेदा'वरून मी भांडत राहीन, पण मेजॉरिटी तुझी आहे.

आईला घेऊन जायचंय या रविवारी. पल्याडच्या कृपेने मला शेवट माहीत आहे, तिला नाही. तिला खून चालतात, मुलींचे बघवत नाहीत. पर्याय सुचवा. आणि कर्वे रोडच्या बाजूला तमिळ शोला सबटायटल्स असतात का ते कोणी खात्रीने सांगेल का? ॲपवर लिहिलेलं असतं, आत गेल्यावर नसतात.

अरोरा_बाल्कनी | ८:१२

आईला 'सिंगम' दाखव घरी बसून. सबटायटल्स लागणार नाहीत.

शंकेखोर | ८:२०

'कैदी' दाखव. लॉरी आणि बाप-लेकीची गोष्ट आहे, आईला चालेल. फक्त बिर्याणी खायच्या प्रसंगाआधी तिचं जेवण झालेलं असू दे, नाहीतर उठून स्वयंपाकघरात जाईल.

पेठेतला_पाहुणा | ८:२६

'कैदी' ठरला. सबटायटल्सचं अजून कोणी सांगितलं नाही.